कॅन्सरच्या उपचारात जोडीदाराची दमछाक. कुठं थांबायचं आणि कुठं आवाज करायचा?

मंद्रूप : पहाटेच्या एसटीनं बायकोला घेऊन सोलापूर गाठायचं, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी बाकड्यावर बसून राहायचं आणि दुपारी दोन वाजता सिस्टरच्या तोंडून ऐकायचं, "पेशी कमी आल्यात, आज केमो नाही. पुढच्या सोमवारी या." दिवसाची मजुरी बुडालेली, रानात पाण्याची पाळी चुकलेली, भाडं गेलेलं. अशा वेळी नवरा चिडतो. चिडणार नाही तर काय करणार? पण ज्या गोष्टीवर तो चिडतो, ती त्याच्या बायकोचा जीव सांभाळण्यासाठीच केलेली असते. हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पुढं केमो होते. आठ-दहा दिवसांनी घरी तिला रात्री ताप भरतो. तेव्हा हाच माणूस "केमो घेतलीय म्हटल्यावर कणकण असणारच" म्हणून तापाची गोळी देतो आणि सकाळची वाट बघतो. खरं तर तिथं एक तासही थांबायचं नसतं.

नवरा आजारी असो की बायको, सोबत धावणाऱ्या जोडीदाराची निम्मी दमछाक याच गोंधळातून होते. कुठं गप्प बसून वाट बघायची आणि कुठं टेबलासमोरून हलायचं नाही, हे कळत नाही.

मंद्रूपहून कुठं कुठं जाता येतं?

कॅन्सर म्हटलं की गावात पहिला सल्ला मिळतो, "टाटाला न्या." मुंबईतलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून हे काम करतंय, त्यामुळं लोकांचा भरवसा खरा आहे. पण प्रत्येक रुग्णाला परळ गाठायची गरज नसते. सोलापुरात सिद्धेश्वर कॅन्सर हॉस्पिटल आहे, सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. सोलापूरहून साधारण ७० किलोमीटरवर बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे.

बार्शीचं नाव जगातले डॉक्टर ओळखतात. ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचं काम तिथं १९८७ मध्ये सुरू झालं. शेजारच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबाबत अभ्यास झाला, त्यातही या रुग्णालयाचा वाटा होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं त्यात दिसलं.

या रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, त्या अभिनेत्री नर्गिस यांच्यावर न्यूयॉर्कच्या नामांकित कॅन्सर रुग्णालयात उपचार झाले. पती सुनील दत्त सोबत होते. ३ मे १९८१ रोजी त्या गेल्या. नंतर दत्त यांनी पत्नीच्या नावानं कॅन्सर रुग्णांसाठी फाउंडेशन उभं केलं. पैसा, ओळख सगळं असलेल्या माणसालाही दवाखान्याच्या दारात वाट बघावी लागली, मग मंद्रूपच्या शेतकऱ्यानं "आपल्यालाच का असं?" म्हणून मनाला लावून घेऊ नये.

हा वेळ लागतोच

गाठीचा तुकडा तपासायला दिला की लगेच उत्तर येत नाही. तुकड्यावर प्रक्रिया करून, पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्यानंतर बऱ्याचदा डॉक्टर म्हणतात, अजून एक तपासणी हवी. घरच्यांना वाटतं, पैसे काढायचा धंदा आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये या दुसऱ्या तपासणीवरूनच ठरतं की बाईला हार्मोनची गोळी लागू पडेल, की वेगळं इंजेक्शन लागेल, की फक्त केमो. तो रिपोर्ट न बघता उपचार सुरू करणं म्हणजे माती न तपासता खत टाकणं. उशीर बोचतो, पण तो कामाचा आहे.

केमो पुढं ढकलण्याचंही तसंच. केमोचं औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं. या पेशी म्हणजे शरीराची राखण करणारी फौज. ती पुरेशी उभी राहायच्या आत पुढची केमो दिली तर साधा जंतूसुद्धा भारी पडतो. म्हणून आधी रक्त तपासतात. इथं डॉक्टरशी वाद घालून उपयोग नाही. मात्र एक गोष्ट विचारता येते : "साहेब, आदल्या दिवशी मंद्रूपलाच रक्त तपासून रिपोर्ट मोबाइलवर पाठवला तर चालेल का?" काही डॉक्टर हो म्हणतात. तेवढ्यानं एक फुकटची फेरी वाचते.

रेडिएशन, ज्याला गावाकडं 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात, ते सुरू व्हायलाही काही दिवस जातात. आधी स्कॅन, मग कुठल्या जागी किती मात्रा द्यायची त्याचं गणित. घाईत ते चुकलं तर चांगला अवयव भाजतो.

इथं मात्र गप्प बसायचं नाही

पहिली गोष्ट ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. या दिवसांत अंग १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापलं, थंडी वाजून आली, तर ती तातडीची वेळ समजायची. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून घेत बसायचं नाही. जिथं रक्ताची तपासणी होते आणि शिरेतून अँटिबायोटिक देता येतं, तिथं थेट जायचं आणि दारातच सांगायचं, "पेशंटची केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली." तापाची गोळी देऊन बघू, हा विचार घात करतो, कारण गोळीनं ताप उतरतो आणि आतला जंतुसंसर्ग वाढत राहतो. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. हात कपाळावर ठेवून हा हिशेब होत नाही.

दुसरी गोष्ट रेडिएशनमधला खंड. हा उपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस असतो आणि सलग घ्यायचा असतो. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेल तर बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन सुमारे पाच आठवडे, मग आतून दिलं जाणारं, असं सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवावं लागतं. तंबाखू-माव्यामुळं होणाऱ्या तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमध्येही खंड महागात पडतो. मधल्या सुट्टीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. त्यामुळं "मशीन बंद आहे, नंतर या" असं ऐकलं तर निमूट घरी येऊ नका. रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटून शांतपणे विचारा, "बुडालेले दिवस कसे भरून काढणार?" शनिवारी उपचार देणं, दिवसातून दोनदा काही तासांच्या अंतरानं देणं, असे मार्ग डॉक्टरांकडं असतात.

आणि खरं बोलायचं तर निम्मे खंड दवाखान्यामुळं पडत नाहीत, आपल्यामुळं पडतात. भाच्याचं लग्न, ऊसतोड, गड्ड्याची यात्रा. दोन दिवस म्हणून गावी आलेला रुग्ण आठ दिवसांनी परत जातो.

तिसरी गोष्ट वेदना. कॅन्सर म्हणजे दुखणारच, सोसायचं, असं नाही. दुखणं कमी करायला मॉर्फिनपर्यंतची औषधं आहेत. रुग्ण रात्रभर झोपत नसेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. बायका हे स्वतःहून सांगत नाहीत. म्हणून नवऱ्यानं विचारायचं आणि त्यानंच सांगायचं.

राग बहुतेक वेळा कागदावरून येतो

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा जन्म २ जुलै २०१२ चा. तेव्हा राजीव गांधी जीवनदायी या नावानं ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढरं रेशन कार्डही चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. डॉक्टरांच्या आधी त्याला गाठायचं.

घोडं अडतं ते रेशन कार्डावर. बायकोचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, किंवा आधारवर एक आणि रेशन कार्डावर दुसरं. उपचार सुरू होण्याच्या दिवशी हे कळलं की मग तहसीलच्या चकरा आणि बायको वॉर्डात एकटी. मंद्रूपला अपर तहसील कार्यालय आहे, त्यामुळं निदान यासाठी सोलापूरला पळावं लागत नाही. गाठीचा तुकडा तपासायला दिला त्याच दिवशी हे काम हातात घ्या. रिपोर्ट यायचे ते दिवस तसेही बसून काढायचे असतात.

शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांना वेगवेगळी मंजुरी लागते. "मंजुरी आली नाही" असं सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा : "अर्ज पाठवला कधी? काही त्रुटी काढलीय का? कुठला कागद कमी आहे?" बऱ्याचदा एखादा फोटो किंवा रिपोर्ट अपलोड झालेला नसतो आणि फाइल तिथंच पडून राहते. योजनेत बसलेल्या उपचारासाठी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. भांडण करून जे होत नाही, ते तक्रार क्रमांकानं होतं.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवलेला असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात बोलणं सोपं जातं. सिव्हिलमध्येही समाजसेवा अधीक्षक असतात. कुणाला त्यांचा पत्ता माहीत नसतो, पण अडलेल्या वेळी तेच माणूस कामाला येतं.

कामधंदा थांबलेल्या गरीब रुग्णाला संजय गांधी निराधार योजनेतही अर्ज करता येतो. कॅन्सर त्या यादीत आहे. पण उत्पन्नाची अट फार कडक आहे, वर्षाला २१ हजार. ज्याला ती बसते त्यानं तहसीलला चौकशी करावी.

मुंबईला जायची वेळ आली तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सही-शिक्का केलेला ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवरच काढावं लागतं, मोबाइलवर नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते. राहण्यासाठी दादरलाच गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सर रुग्णांची सोय होते. एसटीतही कॅन्सर रुग्णाला भाड्यात सवलत आहे, डेपोत विचारून घ्या.

एक फाइल करा. तारखेप्रमाणे रिपोर्ट लावा आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रुग्णालयाकडं नोंदी लेखी मागितल्या तर नियमानुसार ७२ तासांत द्याव्या लागतात. डॉक्टरांसमोर बसायला मिळतात पाच मिनिटं, म्हणून प्रश्न वहीत आधी लिहून न्या. तीन पुरे : आत्ता काय करताय, पुढची तारीख कुठली, आणि कशाचा त्रास झाला तर लगेच यायचं. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

घरातली गोष्ट

दवाखान्यात साठलेला राग निघतो कुठं? घरी. भाकरी करपली म्हणून, पोरगं अभ्यासाला बसलं नाही म्हणून. आणि जिला बरं करायला धावतोय तिच्यावरच. तिला वाटतं, आपण ओझं झालो. मग ती पुढच्या केमोला "नको, आता बरं वाटतंय" म्हणते. उपचार अर्धवट सुटण्यामागं पैशाइतकंच हेही कारण असतं.

"तिला सांगू नका, खचेल," हा सल्ला नात्यातली मोठी माणसं देतात. हेतू चांगला असतो. पण केस गेल्यावर, वॉर्डात शेजारणीशी बोलल्यावर तिला कळतंच. मग आपल्याशी खोटं बोलले हे दुःख वेगळं. तिला किती ऐकायचंय ते तिलाच विचारावं आणि तेवढं खरं सांगावं.

नवऱ्यानं चूल पेटवली, तिचे कपडे धुतले की गल्लीत चार लोक बघतात. बघू देत. मात्र सगळं एकट्यानं ओढायचं नाही. मेहुणा आठवड्यातून एक फेरी करू शकतो, सून किंवा जाऊ डबा देऊ शकते, शेजारी जनावरांचं बघतो. लोक "काय लागलं तर सांगा" म्हणतात. त्यांना नेमकं काम आणि नेमका वार सांगायचा : "दाजी, येत्या गुरुवारी तुम्ही घेऊन जा तिला."

झोप उडाली, डोक्यात नको ते विचार यायला लागले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर रुग्णासाठी आहे तसा सोबतच्या माणसासाठीही आहे. फाइलच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा, १५५३८८ च्या खाली.