पैगाम पुढच्या दाराने येऊ द्या

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर वसले आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, आर्वीचा मुलूख. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या श्रद्धेनुसार हे रुक्मिणीचे माहेर. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते आणि आषाढीसाठी येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. रुक्मिणीची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघाला होता, तिच्या मनात दुसरेच होते, म्हणून तिने एका विश्वासू माणसाच्या हाती पत्र पाठवले. महदंबेच्या धवळ्यांपासून एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरापर्यंत जुन्या मराठीने ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली.

शिक्षक म्हणून या कथेतली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहते. त्या घरात लग्नाची सगळी बोलणी झाली, पण जिचे लग्न तिला कोणी विचारले नाही. म्हणून निरोप चोरून गेला. आज पत्राची जागा मोबाईलने घेतली आहे, पण घरात विचारणारे कोणी नसले की निरोप अजूनही चोरूनच जातो. आपली मुस्लिम घरेही याला अपवाद नाहीत. या विषयावर आपल्याकडे कुजबुज फार होते, बोलणे होत नाही. म्हणून हा लेख.

सगळेच ओळखीचे, भेटायचे कोणाला?

वऱ्हाडात अचलपूर, बाळापूर, कारंजा अशा जुन्या कसब्यांत आपली वस्ती दाट आहे, मोहल्लेच्या मोहल्ले आहेत. लहान खेड्यांत मात्र अनेकदा आपली घरे बोटावर मोजण्याइतकी असतात आणि प्रत्येकजण कोणाचा तरी चुलत, मावस किंवा आतेभाऊ असतो. शहरातल्या मुलाला कॉलेजात आणि नोकरीत शंभर माणसे भेटतात. खेड्यातल्या मुलीला दिसणारा मुलगा म्हणजे एक तर खालाजाद किंवा मामूजाद भाऊ, नाही तर कोणाच्या शादीत दिसलेला पाहुणा, नाही तर एस.टी.च्या थांब्यावर उभा असलेला, नाही तर मोबाईलमधला अनोळखी.

डेटिंग हा शब्द शहरातून आला आणि आता आठवीच्या पोरांच्या तोंडी आहे. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच: कोणाशी तरी बोलायचे, फोटो पाठवायचा, जमले तर बाजाराच्या दिवशी किंवा यात्रेच्या गर्दीत दहा मिनिटे भेटायचे. शहरात असे भेटणे गर्दीत हरवून जाते. खेड्यात ती बातमी अस्रच्या नमाजपर्यंत मशिदीच्या पायरीवर आणि इशापर्यंत नदीपलीकडच्या फुफीच्या घरी पोहोचलेली असते.

किंमत कोण मोजते?

बोभाटा झाल्यावर घरात काय घडते, ते शाळेच्या हजेरीपटावर दिसते. मुलाला दोन थपडा बसतात, आठ दिवस त्याला मामाकडे धाडतात, मग तो परत येऊन पानटपरीवर उभा राहतो. मुलीचे दप्तर मात्र घरीच राहते. आधी तब्येत बरी नाही असा निरोप येतो, मग नातेवाइकांकडे गेली असे सांगतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कळते की मंगनी झाली. नववी-दहावीतून अशा गेलेल्या मुली आम्हाला नावानिशी आठवतात. त्यांतल्या एकीचा अपराध एवढाच होता की एका मुलाने कोणाकडून तरी तिचा नंबर मिळवला आणि तिला सलाम लिहिला. तिने उत्तरही दिले नव्हते. ‘तू काही केलं नाही, तर मग त्याने तुलाच का लिहिलं?’ हा घरातला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्या मुलीला देता येणार?

कुरआनने या बाबतीत समाजालाही मोकळे सोडलेले नाही. पाकदामन स्त्रीवर तोहमत ठेवून चार साक्षीदार न आणणाऱ्याला सूरह नूरमध्ये ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे, आणि अशा माणसाची साक्ष स्वीकारू नये असेही बजावले आहे. सूरह हुजुरातमध्ये वाईट गुमान, टेहळणी आणि पाठीमागची निंदा या तिन्ही गोष्टी मना आहेत. मुलींच्या ओढणीवर आपण जेवढे बोलतो, त्याच्या निम्मे तरी या आयतींवर बोलतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

दीनने मनाई केली, तशी मोकळीकही दिली

चोरटी मैत्री इस्लामला मान्य नाही, यात शंका नाही. सूरह निसा आणि सूरह माइदा या दोन्ही ठिकाणी निकाहाच्या संदर्भात लपूनछपून यारी करण्यास मनाई आलेली आहे. परक्या स्त्री-पुरुषांनी एकांतात बसू नये, ही हदीसही सर्वांना ठाऊक आहे. मुलांना आपण एवढे सांगतो आणि थांबतो. निकाहापूर्वी पाहण्याची, विचारण्याची आणि नाही म्हणण्याची जी मोकळीक त्याच दीनने दिली, ती सांगायची राहून जाते.

हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी एका मुलीला मागणी घालायचे ठरवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आधी तिला पाहून घेण्यास सांगितले, त्यामुळे दोघांत जिव्हाळा राहील असे कारणही दिले. मुलीच्या आई-वडिलांना ते फारसे रुचले नाही. मुलीने पडद्याआडून बोलणे ऐकले आणि अल्लाहच्या रसूलांनी सांगितले असेल तर जरूर पाहा, असे स्वतःच म्हटले.

दुसरा प्रसंग एका तरुणीचा. वडिलांनी आपली पत वाढावी म्हणून तिचा निकाह पुतण्याशी लावून दिला होता. ती हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आली. प्रेषितांनी (स.) वडिलांना बोलावून घेतले आणि निर्णय मुलीच्या हाती दिला. तेव्हा तिने निकाह कायम ठेवला. या बाबतीत बापाची जबरदस्ती चालत नाही, हे इतर स्त्रियांना कळावे म्हणून आपण आलो, असे ती म्हणाली. हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा वडिलांनी लावलेला निकाह तर त्यांना पसंत नव्हता म्हणून रद्दच करण्यात आला.

कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, ही हदीस आपल्याकडे फार वापरली जाते. पण ती सवलत लाजेसाठी आहे. जिने आईजवळ रडून नाही म्हटले, ती वकिलासमोर गप्प बसली तर ते मौन धाकाचे असते. वऱ्हाडात आपण बहुतेक हनफी मसलकाचे आहोत, आणि या मसलकात आकिल-बालिग मुलीवर तिच्या रजामंदीशिवाय निकाह लादता येत नाही. निकाहाच्या दिवशी वकील आणि साक्षीदार तिच्याकडे जातात, ते याचसाठी. मात्र मांडव पडलेला, देगी चढलेल्या आणि आजूबाजूला ‘हां बोल, बेटा’ म्हणणाऱ्या दहा बायका, अशा वेळी कोणती मुलगी नाही म्हणेल? तिला विचारायची खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते.

मुलग्यांना ‘नाही’ ऐकायला शिकवा

हजरत बरीरा (रजि.) गुलामीतून मुक्त झाल्या, तेव्हा त्यांनी पती मुगीस यांच्यापासून वेगळे होणे पसंत केले. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. प्रेषितांना (स.) त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरा यांना परत जाण्याबद्दल विचारले. हा हुकूम आहे का, असे बरीरा यांनी विचारले. हुकूम नाही, फक्त शिफारस आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी नकार दिला, आणि तो मान्य झाला. त्यांना कोणी नावे ठेवली नाहीत, कोणी वाट अडवली नाही.

हा प्रसंग आम्हाला मुलग्यांच्या प्रत्येक वर्गात सांगावासा वाटतो. मुलीने नंबर ब्लॉक केला म्हणजे तिचे उत्तर मिळाले. त्यानंतर नवा नंबर घेऊन लिहिणे, एस.टी.च्या मागे मोटारसायकल घालणे, मित्रांमार्फत निरोप पाठवणे याला प्रेम म्हणत नाहीत. भारतीय न्याय संहितेत असा पाठलाग हा गुन्हा आहे, मोबाईलवरून केलेला असला तरीही. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यापुढे तिचा होकार होता ही सबब चालत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्नाचे वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ आहे. बदनामीच्या भीतीने सोळाव्या वर्षी मंगनीची घाई करणाऱ्या पालकांनीही हे लक्षात ठेवावे. सज्ञान झाल्यावर जोडीदार निवडण्याचा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या हादिया प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

फोटोवरून कोणी धमकावत असेल तर मुलीला दोष देत बसू नका. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि अल्पवयीन मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवा.

उघड भेट कशी असावी?

मनाई करून चोरवाट बंद होत नाही. सरळ वाट उघडली तर तिची गरज कमी होते. काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट, रिश्ता आला की मुला-मुलीची भेट घरातच घडवा. बैठकीचे दार उघडे असावे, मोठ्यांपैकी कोणी दिसेल इतक्या अंतरावर बसावे, पण ऐकू येईल इतके जवळ नव्हे. चहाचा ट्रे ठेवून परत जाण्याला भेट म्हणत नाहीत. एका भेटीत समजले नाही तर दुसरी ठेवा.

दुसरी गोष्ट, काय विचारायचे ते मुलीला आधी सांगून ठेवा. कमाई काय, कर्ज किती, व्यसन आहे का, पुढे शिकू देणार का, घरात कोण कोण, मेहेर रोख देणार की उधार. हे प्रश्न विचारणारी मुलगी तोंडाळ ठरत नाही. उद्या जे भोगायचे ते ती आज समजून घेत असते.

तिसरी गोष्ट, नकार घरातल्या घरात राहू द्या. निरोप नेण्यासाठी दोन्हीकडे विश्वासाची एखादी खाला किंवा चची असावी, आणि कारण चव्हाट्यावर येऊ नये. नाही म्हटल्याने मुलीचे नाव खराब होते असे वाटले की मुली न पटलेल्या ठिकाणीही हो म्हणतात.

चौथी गोष्ट, मुलीचा फोटो आणि बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर सोडू नका. तो किती मोबाईलमध्ये गेला याचा पत्ता लागत नाही. आधी माहिती द्या, चौकशी करा, फोटो शेवटी आणि समोरासमोर दाखवा.

पाचवी गोष्ट, वर्तुळ मोठे करा. घरे मोजकी असताना शेख, पठाण, मणियार, पिंजारी, बागवान अशा बिरादऱ्यांच्या भिंती घातल्या तर मुलांना उरते काय? मग तोच चुलत-मावस भाऊ उरतो. नात्यात निकाह जायज आहे, पण अनुवंशिक आजाराचा धोका त्यात वाढतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. रक्ताची साधी तपासणी मंगनीच्या आधी करून घेतली तर त्यात कोणाचा अपमान नाही.

ज्यांची आठवण राहत नाही

लहान समाजात एकटी राहिलेली माणसे फक्त विशीतली नसतात. तिशी उलटलेली शिकलेली मुलगी, तलाक झालेली दोन लेकरांची आई, बायको गेलेला शेतमजूर, यांना भेटायला कोणतीच जागा नसते. त्यांनी स्वतःहून विषय काढला तर लोक हसतात. हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या, स्वतःचा व्यापार सांभाळत होत्या, आणि पैगाम त्यांच्याकडूनच गेला होता. नफीसा नावाच्या मैत्रिणीने मध्यस्थी केली. ही सीरत आपण जलशांत ऐकतो, डोळे पुसतो, आणि मोहल्ल्यातल्या विधवेने दुसऱ्या निकाहाची इच्छा बोलून दाखवली की तोंड फिरवतो. प्रत्येक मोहल्ल्यात नफीसांसारखी एखादी भरवशाची बाई असेल, जी ऐकेल, चौकशी करेल आणि तोंड बंद ठेवेल, तर कितीतरी घरे बसतील.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलीच्या हातातला मोबाईल काढून घेणे सोपे आहे. तिच्या मनात काय आहे ते ऐकून घेणे अवघड आहे, पण तेच तिला सांभाळते. आज रात्री जेवण झाल्यावर तिला जवळ बसवा आणि एवढेच सांगा: कोणी काही लिहिले, कोणी वाट अडवली, किंवा तुला स्वतःला कोणी बरे वाटले, तर सर्वांत आधी आम्हाला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही. यातले शेवटचे वाक्य गाळू नका. मुली त्याचीच वाट पाहत असतात.