गरोदरपणात साखर आहे? मग बीपीवरही नजर ठेवा

लोहा (जि. नांदेड) : गरोदर सुनेला साखर निघाली की घरात पहिल्यांदा गोड बंद होतं. चहा फिका होतो, भात कमी होतो. हे बरोबरच आहे. पण साखरेच्या मागून येणाऱ्या आणखी एका धोक्याबद्दल आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही. त्याचं नाव प्री-एक्लॅम्प्सिया.

हा आजार काय आहे?

पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे साधारण २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं. सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदूवर परिणाम दिसतो. पुढे झटके आले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही, म्हणून 'मला तर बरं वाटतंय' यावर विसंबून चालत नाही. बीपी मोजावंच लागतं.

साखरेचा काय संबंध?

बाळाला रक्त पोहोचवणारी वार नीट रुजायची तर गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. म्हणून आधीपासून मधुमेह असलेल्या गरोदर बाईला प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. गरोदरपणात नव्याने साखर निघाली तरीही तो वाढतो. वजन जास्त असेल, जुळं असेल किंवा मागच्या खेपेला बीपी वाढलं असेल, तर आणखी जपावं.

टाळता येतो का?

पूर्ण नाही, पण धोका कमी करता येतो. पहिल्या तपासणीलाच साखर बघून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात. ती १४० किंवा जास्त आली तर उपचार सुरू होतात. कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायची असते.

जास्त धोका असलेल्या बाईला डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू झाली तर उपयोग होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या जास्त धोक्याच्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्प्सिया सुमारे ६२ टक्के कमी झाला. पण ही गोळी मनाने घेऊ नका आणि मनाने बंदही करू नका. दवाखान्यातून मिळणारी कॅल्शियमची गोळीही खाच, फक्त लोहाच्या गोळीसोबत नको. दोन तासांचं अंतर ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. तिथे बीपी, लघवी आणि साखर, तिन्ही तपासून मागा. आशाताईंना विचारलं तर त्या सगळं सांगतील.

रोजे आणि साखर

गरोदर बाईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आपल्या दीननेच दिली आहे. साखर किंवा बीपी असताना दिवसभर पाण्याविना राहणं धोक्याचं ठरू शकतं. रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोला. 'लोक काय म्हणतील' यापायी जीव धोक्यात घालू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• न थांबणारं डोकं दुखणं
• डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकणं
• बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखणं
• चेहरा आणि हात अचानक सुजणं
• लघवी कमी होणं
• बाळाची हालचाल कमी वाटणं

झटके आले तर ते 'बाहेरचं' समजून वेळ घालवू नका. दुआ जरूर करा, पण आधी १०८ ला फोन लावा. बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दवाखान्यात मिळतं. लोह्याहून नांदेडचं विष्णुपुरीतलं सरकारी मेडिकल कॉलेज गाठायला वेळ लागतो. म्हणून सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा : गाडी कुणाची, सोबत कोण, रक्त कोण देणार. घरातले पुरुष बाहेरगावी असतील तर शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असंही नाही. पुढचे सहा आठवडे बीपी वाढू शकतं. आणि सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासा. बाळाच्या अकीक्याच्या धावपळीत ही तपासणी राहून जाऊ देऊ नका, एवढीच आमची विनंती.