शिलाई मशीनवरची रक्तवाहिनी

लिंबागणेशच्या शिवारात मोटर सुरू झाली की पाइप कसा टरारून फुगतो, पाहिलंय ना? हृदयातून निघणारी महाधमनी तशीच, पण तीन पदरी. कधी आतला पदर फाटतो आणि रक्त पदरांमध्ये घुसतं. छातीत नाहीतर पाठीत एकदम असह्य कळ येते. घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल, सोडा घ्या. नका हो! गाडी काढा, बीड गाठा.

डॉक्टर दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर मोजतात. त्यात बराच फरक निघाला की संशय बळावतो. सीटी स्कॅनमध्ये चीर दिसते. आधी ब्लडप्रेशर उतरवतात. चीर हृदयालगत असेल तर मात्र मोठ्या हॉस्पिटलात लगेच ऑपरेशन. फाटका भाग काढून डेक्रॉनची नळी शिवतात.

डेक्रॉन म्हणजे कापडच बरं का! अमेरिकेचे डॉ. मायकेल डिबेकी लहानपणी आईकडून शिवण शिकले होते. पुढे दुकानात नायलॉन मिळालं नाही म्हणून त्यांनी डेक्रॉन आणलं आणि बायकोच्या मशीनवर नळी शिवली. ३१ डिसेंबर २००५ ला त्यांचीच महाधमनी फाटली. वय ९७! फेब्रुवारी २००६ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांच्याच पद्धतीने ऑपरेशन केलं. म्हातारबुवा बरे होऊन पुन्हा कामाला लागले, २००८ पर्यंत जगले.