केंद्राध्यक्षाची कसोटी

२६ एप्रिल २०२४ रोजी अकोला आणि अमरावती या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. वऱ्हाडातील उन्हाळा ऐन भरात असताना, आदल्या दिवशी शिक्षक, तलाठी, लिपिक यंत्रांच्या पेट्या सांभाळीत आपापल्या केंद्रांकडे निघाले. कोणी शहरातील शाळेत, तर कोणी मेळघाटातील दूरच्या गावी. या कामाकडे आपण बहुधा वेठ म्हणून पाहतो आणि हाती दिलेल्या नियमपुस्तिकेस कारकुनी जंजाळ समजतो. वस्तुतः त्या पुस्तिकेचे सार एकच आहे: खऱ्या मतदाराने मत न देता परत जाता कामा नये.

पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने पुकारतो, ते उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून. मतदाराच्या ओळखीविषयी त्यांना शंका असेल, तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. मात्र तो खोडसाळ ठरल्यास रक्कम जप्त होते. शंकेला वाव आहे, पण उगाच अडवणुकीला नाही.

खरी कसोटी लागते ती आपल्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेल्याचे मतदाराला कळते तेव्हा. ‘तुमचे मत झाले, आता जा,’ असे म्हणणे सोपे; पण तसे म्हणण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला नाही. ओळखीविषयीच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाल्यास प्रदत्त मतपत्रिका दिलीच पाहिजे. हे मत यंत्रात नोंदले जात नाही. ते निराळ्या लिफाफ्यात राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. मग त्याचा उपयोग काय? २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पराभूत झाले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या लिफाफ्याचे मोल तेव्हा कळले.

मतदानाची वेळ संपतानाचा नियमही असाच शहाणपणाचा आहे. रांगेतील सर्वांना केंद्राध्यक्षाने स्वाक्षरीच्या क्रमांकित चिठ्ठ्या द्यावयाच्या असतात, त्याही शेवटच्या माणसापासून. त्यामुळे नंतर आलेल्याला मागे उभे राहता येत नाही आणि आधी आलेला वंचित होत नाही. शेतातून उशिरा परतलेल्या मजुराचा हक्क त्या कागदाच्या कपट्यावर सुरक्षित राहतो.

प्रशिक्षणात यंत्रजोडणीला वेळ द्यावाच लागतो. परंतु अशा विरळ प्रसंगांची तालीमही तेथेच व्हावयास हवी. ऐन गर्दीत, प्रतिनिधींच्या कलकलाटात पुस्तिकेची पाने चाळण्यास सवड नसते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्यास १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३४ व्या कलमान्वये पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु अज्ञानामुळे परत पाठविलेल्या मतदाराची भरपाई कोणत्याही दंडाने होत नाही.