तेरीज जुळेपर्यंत

या वर्षीच्या उन्हाळ्यात, बारावीची परीक्षा आटोपल्यावर, माझ्या नातवाने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर इंग्रजी नावे आणि आकडे होते, आणि तळाशी बेरीज केली होती : ८८,५०० रुपये. ‘आजोबा, मला गेमिंग पीसी जोडायचा आहे. तयार घ्यायचा नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा आहे,’ असे तो म्हणाला. घरात लगेच दोन पक्ष पडले. सूनबाईंना हा अभ्यासाचा शत्रू वाटला. नातवाच्या मते हे शिक्षणच होते. निर्णय माझ्याकडे आला तो बहुधा मी निवृत्त बँक अधिकारी असल्यामुळे. कर्जाचा प्रस्ताव नाकारण्याची सवय मला असेल, अशी सर्वांची समजूत असावी.

मी प्रस्ताव नाकारला नाही, पण अटी घातल्या. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ या यंत्रावर येणार नाहीत, ही पहिली अट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने असे खेळ निषिद्ध ठरवले आहेत आणि ई-स्पोर्ट्स हा वेगळा प्रकार मानला आहे, हे मी त्याला समजावून सांगितले. प्रत्येक भाग का निवडला याचे कारण वहीत लिहायचे, ही दुसरी अट. बिघाड झाला तर त्याचा शोधही त्याच वहीत लिहून करायचा, ही तिसरी. ही तिसरी अट पुढे सर्वांत मोलाची ठरली.

आधी काम, मग यंत्र

वहीच्या पहिल्या पानावर मी एकच प्रश्न लिहायला लावला : यावर खेळायचे काय? आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी ज्या खेळासाठी जगभर ओळखला जातो, ते बुद्धिबळ संगणकावर खेळायला कोणतेही साधे यंत्र पुरते. नातवाला मोटार-शर्यतीचे खेळ हवे होते आणि पुढे अभियांत्रिकीसाठी त्रिमितीय आरेखन करायचे होते. अशा कामात पडद्यावरचे प्रत्येक चित्र क्षणोक्षणी नव्याने रचावे लागते आणि तो भार ग्राफिक्स कार्ड वाहते. म्हणून अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम, सुमारे एक तृतीयांश, त्या कार्डाला द्यायची असे ठरले. प्रोसेसर मध्यम घ्यायचा, मॉनिटर घरातला जुनाच वापरायचा आणि कॅबिनेटवरच्या रंगीत दिव्यांसाठी एक रुपयाही खर्चायचा नाही.

भागांचे एकमेकांशी जमणे ही दुसरी कसोटी. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती सॉकेट मदरबोर्डवर नेमकी तीच असावी लागते. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतल्यास प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि काम वेगाने होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात चित्र उमटवण्याची अंगभूत सोय नसते. तो थोडा स्वस्त पडतो, पण मग मॉनिटरची वायर मदरबोर्डला जोडून चालत नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच जोडावी लागते.

बाजाराची तेजी-मंदी आपल्या वाचकांना सांगायला नको. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. त्यापूर्वी २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची अशीच टंचाई होती, कारण इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ती कार्डे रात्रंदिवस राबवत असत. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि वापरलेल्या कार्डांचा माल बाजारात आला. पहिलेच यंत्र जोडणाऱ्याने हमी नसलेले वापरलेले कार्ड घेऊ नये, असे आम्ही ठरवले.

न दिसणारा भाग

नातवाच्या मूळ यादीत सर्वांत कमी विचार केलेला भाग होता एसएमपीएस, म्हणजे घरातील २३० व्होल्टची वीज संगणकाला मानवेल अशी करून देणारी पेटी. तो बाहेरून दिसत नाही, त्याने खेळाचा वेग वाढत नाही, म्हणून तिथेच काटकसर करण्याचा मोह होतो. मी त्याला बेरीज करायला लावली. प्रोसेसर पूर्ण भारात ११७ वॅट, ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट, इतर सर्व मिळून साठ-सत्तर वॅट, म्हणजे एकूण सुमारे ३०० वॅट. पेढीच्या व्यवहारात आपण गंगाजळी पूर्ण रिती करत नाही, त्याच न्यायाने आम्ही ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला. त्यावर ‘८० प्लस’ हे प्रमाणचिन्ह असल्याची खात्री केली. २००४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील मूळ कसोटी अशी की घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचावी आणि उष्णतेत वाया जाणारी वीज २० टक्क्यांहून अधिक नसावी.

याच आकड्यांनी आणखी एक चूक टळली. घरात ६०० व्हीएचा यूपीएस होता. नातू म्हणाला, ‘सहाशे आहे, पुरेल.’ परंतु व्हीए म्हणजे वॅट नव्हे. अशा यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते. संगणकाला ३०० वॅट पोहोचवायचे आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के धरायची, तर भिंतीतून ३७५ वॅट ओढले जाणार. म्हणजे मॉनिटर जोडण्यापूर्वीच तूट! आम्ही १००० व्हीएचा यूपीएस घेतला.

बिल कोणाच्या नावाचे?

खरेदी कुठे करावी यावरही चर्चा झाली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सुट्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे काही भाग थोडे स्वस्त पडले असते. परंतु हमीच्या काळात एखादा भाग बिघडला तर दीडशेहून अधिक किलोमीटरची वारी कोण करणार? त्यापेक्षा गावातला दुकानदार बरा, असे म्हणून नाशिकमध्येच खरेदी केली.

मूळ किंमत ७५,००० रुपये, त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे १३,५०० रुपये जीएसटी. दुकान सांभाळणारा माझा धाकटा भाऊ सहज म्हणाला, ‘दादा, बिल पेढीच्या नावाने घ्या, साडेतेरा हजारांचे क्रेडिट मिळेल.’ सूचना प्रेमापोटी होती. पण कराचे क्रेडिट व्यवसायासाठी वापरलेल्या मालावरच घेता येते, आणि हे यंत्र नातवाच्या खोलीत जाणार होते. बिल नातवाच्या वडिलांच्या नावाने झाले. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घेतला, कारण हमी मागताना तोच पुरावा असतो.

पंखे फिरतात, चित्र नाही

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. नातवाने अंगातील स्थिर वीज उतरवण्यासाठी आधी धातूला हात लावला, सर्व काम निगुतीने केले आणि बटण दाबले. पंखे फिरू लागले, दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला. पाच मिनिटे धडपड करून त्याने दुकानदाराला फोन लावला आणि मी थांबवण्यापूर्वीच ‘तुम्ही आम्हाला खराब ग्राफिक्स कार्ड दिले’ असे चढ्या आवाजात सुनावले. पलीकडून ‘उद्या घेऊन या, पाहतो’ एवढेच शांत उत्तर आले.

मी त्याला वही उघडायला सांगितली आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट सांगितली. तेव्हा खतावण्या हाताने लिहिल्या जात आणि तेरीज जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. फरक निघाला की आम्ही कोणावर आळ घेत नसू. आधी फरकाला नऊने भाग जातो का ते पाहायचे. गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. ४५० चे ५४० लिहिले की फरक ९० येतो. मग फरक निम्मा करून ती रक्कम शोधायची, कारण हजार रुपये नावे टाकण्याऐवजी जमेला गेले तर फरक दोन हजारांचा दिसतो. घाईने चार नोंदी एकदम खोडणाऱ्याला मूळ चूक कधीच सापडत नसे. यंत्राचेही तसेच आहे : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद.

आम्ही क्रम लावला. भिंतीवरचे आणि एसएमपीएसचे बटण चालू आहे का? प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी मदरबोर्डला दिली आहे का? मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच आहे का? तिन्ही ठीक होते. मग मदरबोर्डच्या कडेला असलेल्या चार बारीक दिव्यांकडे लक्ष गेले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि साठवण यांपैकी तपासणी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. लागलेला दिवा रॅमचा होता, ग्राफिक्स कार्डाचा नव्हे. दोन्ही पट्ट्या काढल्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेप्रमाणे दुसऱ्या व चौथ्या खाचेत ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. पडदा उजळला.

आठवड्याने दुसरा पेच आला. शर्यतीचा खेळ सुरू केल्यावर दहा मिनिटांत यंत्र मंदावे आणि बंद पडे. बाहेर नाशिकचा पारा चाळिशीला टेकला होता. या वेळी नातवाने फोन उचलला नाही, वही उचलली. आधी यूपीएस वगळून पाहिले, फरक नाही. मग खेळताना तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. ग्राफिक्स कार्ड ७० अंशांच्या आत, प्रोसेसर मात्र १०० अंशांवर! कूलर उतरवला तेव्हा त्याच्या तळाशी एक पारदर्शक प्लास्टिकची पापुद्रा चिकटलेली आढळली. ‘बसवण्यापूर्वी काढा’ असे तिच्यावर छापलेले होते. ती काढली, पृष्ठभाग पुसले, वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावून कूलर पुन्हा बसवला. तापमान ७० अंशांच्या आसपास स्थिरावले. त्यानंतर यंत्र एकदाही बंद पडलेले नाही.

शेवटची नोंद

वहीत दोन दोष लिहिले होते आणि दोन्हींपुढे कारण एकच : जोडणी. एकही भाग खराब नव्हता. नातू बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘आजोबा, त्या दुकानदारांना मी उगाच बोललो.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुकानात गेलो. त्याने सर्वांसमोर क्षमा मागितली आणि दोन्ही चुका सांगितल्या. दुकानदार हसले. ते म्हणाले, ‘बहुतेक लोक भाग परत आणतात, चूक आपली होती हे सांगायला कोणी परत येत नाही.’ काउंटरच्या या बाजूला असे उभे राहण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे, आणि काउंटरच्या त्या बाजूला तर आपण रोजच उभे असतो. आळ सोसण्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मुलांना यंत्र घेऊन देताना सोबत एक वही अवश्य द्यावी. तेरीज जुळेपर्यंत कोणालाही दोषी धरायचे नाही, हा आपल्या पेढ्यांचा जुना शिरस्ता त्यांना त्या वहीतून शिकता येईल.