विश्लेषण : पुतळे पडले, राजवटी गेल्या, ‘स्वातंत्र्य स्मारक’ मात्र उभे… कोण होते इराकचे शिल्पकार जवाद सलीम?

ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदादच्या तहरीर चौकात हजारो तरुण ठाण मांडून बसले होते. बेरोजगारी, भ्रष्टाचार आणि परकीय हस्तक्षेप यांविरुद्धचा हा उठाव होता. अश्रुधुराच्या नळकांड्या फुटत होत्या, रिक्षावाले जखमींना रुग्णालयात पोहोचवत होते. या गर्दीच्या डोक्यावर एक लांबच लांब दगडी फलक होता आणि त्यावर ब्राँझच्या आकृत्या : घोडा आवरणारी माणसे, मृत मुलावर ओणवलेली आई, गज तोडून बाहेर येणारा सैनिक. हे इराकचे ‘नस्ब अल-हुर्रिया’, म्हणजेच स्वातंत्र्य स्मारक. ते घडवणारे शिल्पकार जवाद सलीम यांना ते पूर्ण झालेले पाहताही आले नाही. एका लष्करी राजवटीने बांधून घेतलेले हे स्मारक साठ वर्षांनी सरकारविरोधी तरुणांना आपले का वाटले? याचे उत्तर सलीम यांच्या आयुष्यात आणि त्यांनी घेतलेल्या एका निर्णयात सापडते.

जवाद सलीम कोण होते?

सलीम यांचा जन्म १९१९ मध्ये अंकारा येथे झाला. कुटुंब मूळचे इराकमधील मोसुलचे. वडील ऑटोमन सैन्यात अधिकारी होते आणि हौसेने चित्रेही काढत. पुढे कुटुंब बगदादला आले. घरातच रंगांचे वातावरण होते. भाऊ सुआद आणि निझार, तसेच बहीण नझीहा हेही कलेकडे वळले. नझीहा सलीम पुढे इराकमधील आधुनिक चित्रकलेच्या पायाभरणीत महत्त्वाचे नाव ठरल्या.

त्या काळात इराकी सरकार होतकरू तरुणांना शिष्यवृत्ती देऊन युरोपला पाठवत असे. सलीम १९३८ मध्ये पॅरिसला आणि नंतर रोमला गेले. मात्र दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना बगदादला परतावे लागले. त्या वेळी हे नुकसान वाटले असेल. पण त्यांची खरी जडणघडण परतल्यावरच सुरू झाली.

पुरातत्त्व खात्याने त्यांना काय दिले?

युद्धकाळात सलीम बगदादच्या पुरातत्त्व खात्यात काम करत होते. सुमेरियन, बॅबिलोनियन आणि असिरियन काळातील मूर्ती व शिल्पपट त्यांना रोज जवळून पाहायला मिळत. हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी सपाट दगडावर मिरवणुका, युद्धे, शिकारी कशा कोरल्या, एका आकृतीवरून नजर पुढच्या आकृतीवर कशी नेली, हे त्यांनी इथे अभ्यासले. युरोपात शिकलेल्या शिल्पकलेइतकीच समृद्ध परंपरा आपल्याच मातीत आहे, ही जाणीव त्यांना इथे झाली.

याच काळात ते बगदादच्या ललित कला संस्थेत शिल्पकला शिकवू लागले. युद्धामुळे बगदादमध्ये आलेल्या पोलिश चित्रकारांशीही त्यांची ओळख झाली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये दाखल झाले. पिकासो आणि हेन्री मूर यांच्या कामाचा प्रभाव त्यांच्यावर याच वर्षांत पडला. स्लेडमध्येच त्यांची भेट चित्रकार लॉर्ना हेल्स यांच्याशी झाली. १९५० मध्ये दोघांनी बगदादमध्ये विवाह केला आणि लॉर्ना सलीम याही इराकच्या कलाविश्वाचा भाग झाल्या.

‘बगदाद आधुनिक कला गट’ कशासाठी?

युरोपात शिकून आलेल्या कलावंतांपुढे तेव्हा एक पेच होता. पॅरिस-लंडनची शैली उचलली तर ती नक्कल ठरणार आणि जुन्याचीच उजळणी केली तर काळाच्या मागे पडणार. यातून मार्ग काढण्यासाठी सलीम आणि शाकिर हसन अल सईद यांनी १९५१ मध्ये ‘बगदाद आधुनिक कला गट’ स्थापन केला. परंपरेपासून प्रेरणा घ्यायची. पण भाषा आजची ठेवायची, अशी या गटाची भूमिका होती.

याह्या अल-वासिती हा या कलावंतांचा मोठा आदर्श होता. वासितीने १२३७ मध्ये अल-हरीरीच्या ‘मकामात’ या ग्रंथाची हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली होती. बाजार, मशीद, उंटांचे तांडे असे तेव्हाचे रोजचे जगणे त्याने रंगवले. सलीम यांच्या ‘बगदादियात’ चित्रमालिकेत हाच धागा दिसतो. खेळणारी मुले, कलिंगड विकणारे, घरातल्या बायका हे त्यांचे विषय. चेहरे आणि डोळे गोल, चंद्रकोरीच्या आकारातले. मांडणी मात्र पूर्णपणे आधुनिक.

याच सुमारास लंडनमध्ये ‘अज्ञात राजकीय कैदी’ या विषयावर आंतरराष्ट्रीय शिल्पस्पर्धा झाली. सलीम यांनी तिच्यासाठी केलेली प्रतिकृती १९५३ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. या कैद्याने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही.

स्मारकाची जबाबदारी कशी मिळाली?

१४ जुलै १९५८ रोजी ब्रिगेडियर अब्द अल-करीम कासीम यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने इराकमधील राजेशाही उलथवली. त्याच दिवशी जमावाने बगदादमधील दोन अश्वारूढ पुतळे पाडले : एक राजा फैसल (पहिला) यांचा, दुसरा ब्रिटिश सेनानी मॉड यांचा. बगदादच्या रस्त्यांवरची तोवरची प्रमुख स्मारके अशी राजाची किंवा परकीय सत्तेची होती. फैसल यांचा पुतळाही इटालियन शिल्पकाराने घडवलेला होता.

नव्या प्रजासत्ताकाला स्वतःची प्रतीके हवी होती. त्याचे १९५९ मधील राजचिन्ह सलीम यांनीच रेखाटले. त्यात प्राचीन मेसोपोटेमियातील सूर्य आणि तारा होता. क्रांतीच्या स्मारकासाठी वास्तुरचनाकार रिफत चादिरजी यांनी रस्त्यावर उंच धरलेल्या निषेधफलकासारखी रचना कल्पिली : सुमारे ५० मीटर लांब, जमिनीपासून वर उचललेला दगडी फलक. त्यावरची ब्राँझ शिल्पे करायची होती सलीम यांना. एवढ्या मोठ्या आकाराचे ओतकाम इटलीत करायचे ठरले आणि १९५९ मध्ये ते फ्लॉरेन्सला गेले. तिथे त्यांचे विद्यार्थी मोहम्मद घनी हिकमत मदतीला होते.

हे स्मारक ‘वाचायचे’ कसे?

मराठी वाचकाची नजर सवयीने डावीकडून सुरू होईल. पण हे स्मारक उजवीकडून डावीकडे पाहायचे असते. अरबी लिपी त्याच दिशेने वाचतात आणि सलीम यांनी १४ शिल्पसमूह एखाद्या वाक्यातील शब्दांसारखे मांडले आहेत.

उजव्या टोकाला उधळलेला घोडा आणि त्याला आवरणारी माणसे आहेत. अनेकांना त्यात १९५८ मध्ये पाडलेल्या अश्वारूढ पुतळ्यांची आठवण दिसते. पुढे फलक घेतलेले निदर्शक, एक लहान मूल, आक्रोश करणारी स्त्री, हुतात्म्याभोवती शोक करणाऱ्या बायका आणि बाळाला कवेत घेतलेली आई आहे. मध्याजवळ गजाआडचा राजकीय कैदी आहे. लंडनच्या स्पर्धेतला विषय इथे पुन्हा आला. त्याच्या शेजारी, बरोबर मध्यभागी, गज तोडून झेपावणारा सैनिक आहे.

सैनिकाच्या डावीकडे वातावरण बदलते. मशाल घेतलेली स्वातंत्र्याची स्त्री, मग शांतता, मग तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांची प्रतीके असलेल्या दोन स्त्रिया. त्यातली एक गर्भवती आहे. दोन शेतकरी एकच फावडे धरून उभे आहेत. एकाचा वेश सुमेरियन, दुसऱ्याचा असिरियन. पुढे बैल आणि शेवटी कामगार. दुःखातून बंडाकडे आणि बंडातून शेती-उद्योगाकडे, असा हा क्रम आहे.

कासीम यांचा चेहरा कुठे आहे?

कुठेच नाही. हाच तो निर्णय. क्रांती कासीम यांनी केलेली, पैसा त्यांच्या सरकारचा; तेव्हा त्यांची प्रतिमा स्मारकात असावी, असा दबाव सलीम यांच्यावर आला होता, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. सलीम यांनी ते केले नाही. मधला सैनिक कुणीही सैनिक आहे. हुतात्म्याला नाव नाही, कैद्यालाही नाही. इराकी कलावंताला मिळालेले ते सर्वात मोठे सरकारी काम होते आणि ते काढून घेतले जाण्याचा धोका होता, हे लक्षात घेतले तर या नकाराचे वजन कळते.

उद्घाटनाला शिल्पकार का नव्हते?

इटलीतले काम प्रचंड होते आणि मुदतीचा ताण मोठा. ब्राँझचे भाग बगदादला आले, ते बसवण्याचे काम सुरू झाले आणि २३ जानेवारी १९६१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने सलीम यांचे निधन झाले. त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. उरलेले काम चादिरजी, लॉर्ना सलीम आणि सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले. क्रांतीच्या तिसऱ्या वर्धापनदिनी, १४ जुलै १९६१ रोजी स्मारक खुले झाले.

लॉर्ना त्यानंतरही अनेक वर्षे बगदादमध्ये राहिल्या. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या रेखाटन शिकवत आणि तैग्रिसकाठची जुनी, पाडली जाणारी घरे त्यांना कागदावर उतरवायला लावत.

पुढच्या राजवटींनी स्मारकाचे काय केले?

फेब्रुवारी १९६३ मध्ये बंड झाले आणि कासीम यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा चेहरा स्मारकावर असता, तर त्या आठवड्यात स्मारकही गेले असते, असे मानायला जागा आहे. पण काढून टाकण्यासारखे तिथे काही नव्हतेच. उलट, मधला सैनिक आमचाच, असे प्रत्येक नव्या लष्करी राजवटीला म्हणता आले. स्मारक टिकण्याचे हेही एक कारण आहे आणि ते फारसे सुखद नाही.

स्मारकाने बरेच काही पाहिले. १९६८ मध्ये बाथ पक्ष सत्तेत आला. जानेवारी १९६९ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अनेकांना फाशी देण्यात आली. त्यात नऊ ज्यू होते. बगदादमधील फाशी याच चौकात लोकांसमोर झाल्या. पुढे १९९५ च्या २५० दिनारच्या नोटेवर एका बाजूला सद्दाम हुसेन यांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला हे स्मारक छापले गेले. शासकाचा चेहरा नाकारणारी कलाकृती अशा रीतीने शासकाच्या चेहऱ्याला चिकटवली गेली.

विजय कमानीशी तुलना का होते?

सद्दाम यांनी १९८९ मध्ये बगदादमध्ये ‘विजय कमान’ उभारली. तलवारी धरलेले तिचे अवाढव्य हात सद्दाम यांच्याच हातांवरून घडवले होते. मूळ शिल्पकार खालिद अल-रहाल यांच्या निधनानंतर ते काम पूर्ण केले मोहम्मद घनी हिकमत यांनी. फ्लॉरेन्समध्ये सलीम यांच्यासोबत राबलेल्या त्याच विद्यार्थ्याने. हुकूमशाहीत काम नाकारणे किती अवघड असते, हे यावरून दिसते. चादिरजी यांच्या वाट्याला वेगळेच आले. बाथ राजवटीत त्यांना तुरुंगवास झाला. फिरदोस चौकातील त्यांचे ‘अज्ञात सैनिक’ स्मारकही नंतर पाडण्यात आले. त्या जागी २००२ मध्ये सद्दाम यांचा पुतळा आला आणि ९ एप्रिल २००३ रोजी जगाने टीव्हीवर पडताना पाहिला, तो हाच पुतळा.

त्या दिवसांत बगदादमधील आधुनिक कलेचे संग्रहालय लुटले गेले. हजारो चित्रे, शिल्पे नाहीशी झाली. सलीम यांचे ‘मातृत्व’ हे लाकडी शिल्पही त्यात होते. चोरीला गेलेल्या कलाकृती परत मिळवण्यासाठी पुढाकार घेतला तो हिकमत यांनीच आणि गुरूचे ते शिल्प परत मिळाले. इतर अनेक कलाकृतींचा मात्र अजूनही पत्ता नाही.

२०१९ मध्ये या स्मारकाचा अर्थ बदलला का?

त्या वर्षीच्या आंदोलनात सहाशेहून अधिक लोक मारले गेले आणि नोव्हेंबरअखेर पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. चौकाखालच्या बोगद्याच्या भिंती तरुण कलावंतांनी चित्रांनी भरल्या. आंदोलकांपैकी अनेकांचा जन्म सद्दाम राजवटीच्या अखेरच्या वर्षांतला. कासीम त्यांच्यासाठी फक्त इतिहासाच्या पुस्तकातले नाव. पण मुलाच्या मृतदेहापाशी बसलेली आई, फलक उंचावणारे निदर्शक आणि गजाआडचा कैदी ओळखायला त्यांना कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

स्मारकाची डावी बाजू, म्हणजे शांतता, पीकपाणी, कामधंदा, ही १९६१ मध्ये लवकरच येणाऱ्या दिवसांची खात्री होती. २०१९ मध्ये तीच बाजू मागण्यांची यादी झाली. तिच्याखाली बसलेली मुले नोकरी, वीज आणि पाणी मागत होती.