कवचाच्या आतला उन्हाळा

संरक्षक साधनांविना कोणालाही गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरवले. ते योग्यच झाले. मात्र उत्तर भारतात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा त्या हवाबंद पोशाखातील उन्हाळा किती तीव्र असतो, याची नोंद आपल्या धोरणांत मला अभावानेच आढळते.

घाम वाळला, तरच शरीर थंड होते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. वाफ अडवणाऱ्या पोशाखात घाम नुसता ओघळतो. पाणी जाते, उष्णता मागे राहते. म्हणूनच ‘आयएसओ ७२४३’ हे आंतरराष्ट्रीय मानक डोके झाकणाऱ्या अशा पोशाखासाठी उष्णता-निर्देशांकात ११ अंश मिळवायला सांगते.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे अनेक शहरांनी तो गिरवला. अशा आराखड्यांतील इशारे मुख्यतः हवेच्या तापमानावर बेतलेले असतात. पोशाखातील माणसासाठी तो आकडा अपुरा आहे.

उपाय साधेच आहेत: अवजड काम पहाटे, नवख्याला आठवडा-दोन आठवड्यांत उन्हाची सवय, ठरावीक वेळाने पोशाख उतरवून सावलीत विश्रांती, प्यायला पाणी आणि कोपरापर्यंत हात बुडवायला गार पाण्याची बादली. विश्रांतीची मजुरी मात्र कापली जाता कामा नये. अन्यथा रोजंदारीचा कामगार पोशाखच टाळील. तेव्हा निविदेत पोशाखाच्या संख्येखाली विश्रांतीची मिनिटेही लिहिली जावीत.